दीड सेकंद

आवृत्ती ४

माझ्या हेडफोनची वायर एका कोंबडीच्या पायात अडकली आणि ती कोंबडी वांडेगेयाच्या थांब्यावर उतरली. पुढे कोंबडीची मालकीण, मागे कोंबडी, तिच्यामागे माझी वायर. फोनमधलं गाणं थेट टॅक्सीत सांडलं.

इथे टॅक्सी म्हणजे छोटी व्हॅन; आम्ही चौदा जण होतो, कोंबडीवाली उतरल्यावर तेरा. बाहेर एप्रिलचा पाऊस, काचा बंद, आत ओल्या कपड्यांचा वास. आणि त्यात माझं सहावं गाणं – खाली जाड बास, वर काचेच्या बाटल्यांवर धरलेला ठेका, आणि त्यावर एका पुरुषाचा कोरडा, सपाट आवाज : "...दफन उद्या दुपारी चार वाजता –"

मग दीड सेकंद काहीच नाही. फक्त एक श्वास. आत घेतलेला, बाहेर न सोडलेला.

मग गावाचं नाव, "मित्याना", आणि सगळी वाद्यं एकदम.

"न्याबो, बाई," कंडक्टर म्हणाला, "माझ्या गाडीत मयताच्या निवेदनावर नाच लावतेस? टायर फुटला म्हणजे?"

"टायर आधीच गुळगुळीत आहेत तुझे," मागून एक बाई म्हणाल्या. "तिच्या गाण्याचा काय दोष त्यात?"

मी फोन दाबत होते. ओल्या बोटांना पडदा दाद देत नव्हता. तेव्हा माझ्या डाव्या खांद्याला खांदा लागून बसलेला माणूस समोर बघतच म्हणाला, "हा मी आहे."

"काय?"

"तो आवाज. मी आहे."

तोच होता. तोच कोरडेपणा, तीच लय. जणू स्वतःबद्दलसुद्धा तो कोणीतरी भरून दिलेल्या कागदावरून वाचत होता. हा आवाज मी कापला होता, ताणला होता, उलटा वाजवला होता. त्याला इस्त्रीचा शर्ट असेल आणि तो मांडीवर छत्री आडवी ठेवून बसत असेल, असं कधी मनात आलं नव्हतं.

"आवाज छान आहे तुमचा," मी म्हणाले.

"तो छान असायचं काही कारण नाही," तो म्हणाला. "लोकांना गाव आणि वेळ कळली की झालं."

रेडिओवर मयतांची निवेदनं, रोज दुपारी एक आणि संध्याकाळी सहा. कोण गेलं, कोणाकोणाला कळवायचं, कुठे आणि किती वाजता पुरणार. त्या वेळी घरोघरी घास हातातच थांबतो, आपल्यातलं कोणी नाही ना हे कळेपर्यंत. मग पुढचा घास.

कामोच्याला मी उतरले. त्याचा थांबा पुढे होता, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. पण तोही उतरला.


आवृत्ती ४, बदल नाही

भाजलेल्या केळ्यांच्या गाडीवर एक ताडपत्री होती, तिच्याखाली आम्ही उभे राहिलो. मी नाव सांगितलं : नान्सांबा. गाण्यांपुरती नान्सा. त्याने त्याचं सांगितलं : देओ लुताया.

मी त्याला सगळं नीट सांगितलं. पहिला अल्बम, नऊ गाणी, जूनच्या शेवटच्या शुक्रवारी बाहेर येणार. मागे कोणतीही कंपनी नाही. एक खोली, एक लॅपटॉप, एक छोटा कीबोर्ड. आणि रविवारी एका चर्चमध्ये साउंड सांभाळते, त्यावर घरभाडं. चार वर्षांपूर्वी खोलीत राहायला आले तेव्हा खालच्या टेलरच्या दुकानात रेडिओ लागलेला होता. फोनचा माइक चालतो का बघायला म्हणून मी खिडकीतून फोन खाली धरला. ती एक मिनिटाची फाइल. त्यातले ते दीड सेकंद. अल्बम तिथून सुरू झाला.

तो ऐकत होता. केळं खात नव्हता.

"ते काढून टाका," तो म्हणाला.

"काय?"

"ते थांबणं. आवाज हवा तर ठेवा. थांबणं काढा."

"गाणं त्या थांबण्यावरच उभं आहे. तिथे तीन ठोके रिकामे सोडलेत मी. पायाखालून जमीन जाते आणि परत येते. तेवढ्यासाठी तर..."

"मग गाणं काढा."

"कारण?"

"नाही सांगत."

"मग नाही काढत."

तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. त्याच्या भुवईवर पावसाचा एक थेंब होता. तो त्याला जाणवत असणार, पण त्याने पुसला नाही.

"कूळ कुठलं तुझं?" त्याने विचारलं, एकदम 'तू'वर येऊन.

आमच्याकडे कूळ सगळेच विचारतात. पण ओळखीच्या दहाव्या मिनिटाला एखाद्या तरुण माणसाने विचारलं तर कारण एकच असतं. एक कूळ निघालं तर भाऊ-बहीण, आणि पुढचं सगळं बोलणं तिथेच मिटलं. मी माझं सांगितलं. त्याने त्याचं सांगितलं. वेगवेगळी निघाली.

मग आम्ही दोघांनीही आपापल्या केळ्याकडे बघितलं, बराच वेळ.


आवृत्ती ५, ५ ब, ६

माझी मैत्रीण म्हणाली, "रेडिओवरून गेलेला आवाज वाऱ्याचा. त्याला विचारायचंच कशाला?" मला तसं म्हणता येईना. ज्याचा श्वास, तोच नको म्हणतोय. त्याचं 'नको' ऐकून घेतल्यावर वाजवत राहणं मला जमण्यासारखं नव्हतं. त्याने हो म्हटल्याशिवाय सहावं गाणं बाहेर जाणार नाही, एवढं मी ठरवलं. आणि सहावं नसलं, तर अल्बम म्हणजे आठ गाणी आणि मधे एक खड्डा.

म्हणून त्या जागी दुसरं काय काय लावून बघितलं :

मैत्रिणीचा श्वास. (दम्यासारखा वाटला.)

माझा स्वतःचा. (माझा आवाज मी नेहमी मशीनमधून गाळून घेते. नुसता ठेवला की कोणीतरी चुकून खोलीत आल्यासारखं वाटतं.)

पास्टरांचा, उपदेशाच्या मधला. (पुढे 'हालेलुया' येणार असं वाटत राहतं.)

चहाच्या भांड्याचं झाकण.

मी त्याला या सगळ्या आवृत्त्या फोनवर पाठवत गेले. तो उत्तर द्यायचा, कामाच्या दोन वेळा सोडून.

– झाकण बरं आहे.
– झाकण वाईट आहे, तुला माहीत आहे.
– हो.
– मग खोटं का बोललास?
– तुला बरं वाटावं म्हणून.
– वाटलं नाही.
– आता सहाची निवेदनं आहेत.
– आज किती?
– सतरा.
– सावकाश वाच.

त्या दिवशी सहा वाजता मी खाली टेलरकडे जाऊन बसले आणि सतरा मेलेल्या माणसांची नावं ऐकली. पहिल्यांदा कामाशिवाय ऐकली. दहाव्या नावाशी तो किंचित खाकरला. मला हसू आलं, आणि मामा एस्तेरींनी – टेलरबाई त्याच, इथे मामा म्हणजे आई – शिवण थांबवून माझ्याकडे असं बघितलं की मी हसू गिळलं.

"तुझं कोणी गेलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग रोज सहाला खाली का येतेस?"

मी रोज येत होते, हे मला तेव्हा कळलं.


आवृत्ती ७

मे महिन्यात एका शनिवारी तो खोलीवर आला. म्हणाला, "नवीन थांबणं देतो. तेवढंच पाहिजे ना?"

कोपऱ्यात दोन गाद्या उभ्या करून, वरून मच्छरदाणी टाकून मी गायची जागा केलेली आहे. त्याला वाकून आत जावं लागलं.

"यात माणूस गातं?"

"गातं."

"आणि श्वास?"

"तो बाहेर येऊन घ्यायचा."

मीही आत शिरून त्याच्यासमोर माइक धरला. "'चार वाजता' म्हण आणि थांब."

"चार वाजता," तो म्हणाला आणि थांबला.

"सिग्नलला उभा राहिल्यासारखा थांबतोस."

"चार वाजता –"

"आता शिंक येतेय असं वाटतं."

"चार वाजता –"

"काहीतरी आठव."

"काय?"

"विसरलेलं काहीतरी."

"विसरलेलं आठवलं, तर ते विसरलेलं कसलं?"

चौदा वेळा झालं. एकही खरं नव्हतं. पंधराव्या वेळी पत्र्यावर पाऊस आला – एकदम, बादल्या उपड्या केल्यासारखा – आणि रेकॉर्डिंग संपलं. आम्ही गाद्यांमधून बाहेर येऊ शकत होतो. नाही आलो. त्याच्या रुमालात आल्याचा तुकडा होता, घशासाठी. त्याने अर्धा मला दिला. आत दोन माणसांना पुरेल एवढी जागा नाही. त्याचं कोपर कुठे संपतं आणि माझं कुठे सुरू होतं, याचा हिशोब लागत नव्हता. मी आलं चावत होते. तिखट होतं.

"माइक चालू आहे?" त्याने विचारलं.

"नाही."

त्याने माइकच्या दिव्याकडे बघून खात्री केली. मग सांगितलं, त्याच आवाजात, जसं एकला आणि सहाला सांगतो तसं.

चार वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी निवेदनांच्या दोन चिठ्ठ्या एकमेकींना चिकटल्या होत्या. कोणाचा तरी चहा सांडला होता. वरची चिठ्ठी कालोली मुबिरु नावाच्या माणसाची. कळवायचं कोणाला, तर बहीण फेलिस्टा, म्पिगी. तो वाचत गेला, पान उलटलं, आणि दफनाच्या जागेची ओळ समोर आली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की अक्षर वेगळं आहे. हा दुसऱ्या मयताचा कागद. कालोलीला मित्यानाला पुरणार नव्हते.

"मग?"

"मग समोर होतं ते वाचलं. मित्याना."

"कळूनसुद्धा?"

"चौदा चिठ्ठ्या बाकी होत्या. थांबून चिकटलेला कागद सोडवत बसायचं म्हणजे... रेडिओवर कोणी थांबत नाही. वाटलं, सहाला बरोबर वाचू. सहाला वाचलंही, कालिसिझो. तोवर ती बाई मित्यानाच्या गाडीत बसली होती. उलट्या रस्त्याला."

"तिला स्वतःच्या भावाचं गाव माहीत नव्हतं?"

"तो सारखी गावं बदलायचा. आणि एका गाईवरून दोघांचं बोलणं बंद होतं. त्याच्या मुलाने, ग्याविराने, चिठ्ठीत आत्याचं नाव घातलं, एवढाच निरोप. नंतर तो रेडिओच्या ऑफिसात येऊन ओरडत होता. आत्या म्हणते, तू मुद्दाम चुकीचं गाव लिहून दिलंस, मी येऊ नये म्हणून. मी काचेच्या आत होतो. मला सगळं ऐकू येत होतं."

"आणि तू?"

"मी पुढची चिठ्ठी वाचली."

पाऊस ओसरत चालला होता. खालून शिवणयंत्राचा आवाज परत यायला लागला.

मला चार वर्षं तो श्वास सुंदर वाटत आला होता. तो कशाचा होता हे कळल्यावरही तितकाच सुंदर वाटत होता. याचं काय करायचं ते मला समजेना.

"तिला विचारू," मी म्हणाले.

"कोणाला?"

"फेलिस्टाला. थांबणं फक्त तुझं नाही."

"गावी जाताना टॅक्सी तिच्या फाट्यावर थांबते. दर वेळी. मी दुसऱ्या बाजूला बघत बसतो."

"मग या वेळी त्या दुसऱ्या बाजूला मी बसते."

त्याने माझ्याकडे बघितलं. इतक्या जवळून बघायला लागलं की माणसाला एका वेळी एकच डोळा दिसतो. मी उजवा निवडला.


आवृत्ती ७, अजून तीच

जायला जून उजाडला. मंगळवार होता, गुरुवारी संध्याकाळपर्यंत अल्बम इंटरनेटवर चढवायचा होता.

जाज्जा फेलिस्टाचं – जाज्जा म्हणजे आजी – घर रस्त्यापासून आत, केळीच्या बागेत. मी दारात गुडघे टेकून नमस्कार केला. तिने तो घेतला, घरच्यांची विचारपूस केली, पाऊसपाणी विचारलं, पिकाचं विचारलं – आम्हा दोघांचंही पीक नाही – आणि मग चटई टाकली. छोट्या टोपलीत कॉफीचे भाजके दाणे पुढे केले. आम्ही दोन-दोन तोंडात टाकले.

"कोणाचे तुम्ही?" तिने देओला विचारलं.

तो बोलला आणि ती थबकली. "हा आवाज... तू तर दुपारी एकचा."

"हो, जाज्जा."

"वाटलं होतं म्हातारा असशील." मग माझ्याकडे वळून, "आणि ही? दाखवायला आणलीस?"

"ती गाणी करते," देओ म्हणाला.

"गाणी सगळ्याच करतात. स्वयंपाक येतो का?"

"नाही, जाज्जा," मी म्हणाले.

"खरं बोलते," ती त्याला म्हणाली. "ठेव."

मी तिला गाण्याचं सांगितलं. तिच्या भावाचं नाव त्यात आहे, हेही. तिने हात पुढे केला. मी हेडफोन दिले. तिने ते नको म्हणून झटकले. तिला उघड्यावर ऐकायचं होतं. म्हणून तिथे, केळीच्या पानांत, माझ्या फोनच्या बारक्या आवाजावर ते वाजलं. ठेक्यावर तिचं बोट गुडघ्यावर हलत होतं. 'चार वाजता' आलं. दीड सेकंद आले. बोट थांबलं.

"परत लाव."

परत लावलं.

"परत."

तिसऱ्या वेळेनंतर ती म्हणाली, "इथेच. त्या दिवशी मी रेडिओच्या समोर बसले होते. मला ऐकू आलं, वाचणाऱ्याचा गळा भरून आला. मी मनात म्हटलं, माझ्या कालोलीसाठी माझ्याशिवाय आणखी कोणाला तरी रडू आलं. चुकीच्या गावाला गेले, परक्याच्या मातीला उभी राहिले. भावाचं तोंड दिसलं नाही ते नाहीच. पण ते एक माझ्याजवळ होतं." तिने देओच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू रडलास."

मी त्याच्याकडे बघितलं. तो गप्प राहिला असता तर ती हो म्हणणार होती. गाणं जसंच्या तसं माझं झालं असतं. गप्प राहा, असं मी डोळ्यांनी म्हणाले की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही.

"जाज्जा," देओ म्हणाला, "मी रडलो नव्हतो."

आणि सगळं सांगितलं. दोन चिठ्ठ्या, चहा, वेगळं अक्षर. ग्याविराने गाव बरोबर लिहिलं होतं, हे शेवटी. एकदाही थांबला नाही.

तिने हात काढून घेतला. बराच वेळ ती टोपलीतले दाणे एका बाजूला सारत राहिली.

"ग्याविरा दोनदा आला होता," ती म्हणाली. "पायरीवर बसला आणि गेला. मी आतून कडी घातली. सांगत होता, आत्या, रेडिओवाला चुकला. मी म्हटलं, रेडिओ खोटं बोलत नाही. खोटं माणसं बोलतात."

तिने टोपली बाजूला ठेवली.

"मला एकटीला येऊन सांगतोस," ती म्हणाली. "चुकलास तेव्हा सगळ्या मुलखाला ऐकू गेलं होतं."

"हो."

"मग?"

"कळलं, जाज्जा."

ती माझ्याकडे वळली. "नाव राहू दे. कालोली नाचणारा होता, लग्नातून त्याला ओढून घरी आणायला लागायचं. नाचू देत लोक त्याच्या नावावर. पण ते थांबणं काढ, पोरी. चार वर्षं मी त्यावर डोकं ठेवून झोपले. आता ते मला ऐकायचं नाही."

"काढते," मी म्हणाले.

निघताना तिने केळीचा एक घड देओच्या हातात दिला. रागावलेली होती, तरी दिला. आम्हीही घेतला, दिलेलं परत करायची आमच्यात पद्धत नाही.

परतीच्या टॅक्सीत घड त्याच्या मांडीवर होता आणि खिडकीत मी. कधीतरी त्याचा हात माझ्या हातावर आला. किती वाजता ते मला कळलं नाही. आणि ज्याचं कामच वेळ सांगणं, त्यानेही सांगितलं नाही.


आवृत्ती ८

बुधवार, दुपारी एक. मामा एस्तेरींचं दुकान. मी पायरीवर.

अकरा चिठ्ठ्या झाल्या. बाराव्या वेळी तोच आवाज, तीच लय :

"दुरुस्ती. चार वर्षांपूर्वी कालोली मुबिरु यांच्या दफनाचं ठिकाण या वेळी मित्याना असं वाचलं गेलं. ते कालिसिझो होतं. त्यांचे चिरंजीव ग्याविरा यांनी चिठ्ठी बरोबर लिहिली होती. चूक वाचणाऱ्याची होती, आणि वाचताना ती त्याच्या लक्षात आली होती. कळवायचं कोणाला : बहीण फेलिस्टा, म्पिगी. मुलगा ग्याविरा, कालिसिझो. आणि त्या दिवशी चुकीच्या रस्त्याला लागलेले सर्व. वाचणारा देओ लुताया."

मग तेरावी चिठ्ठी.

मामा एस्तेरींचा पाय शिवणयंत्रावरून खाली आला होता. "हा वेडा आहे," त्या म्हणाल्या. "याला आजच काढतील. कोण हा?"

"माझ्या गाण्यातला," मी म्हणाले.

"तरीच," त्या म्हणाल्या, आणि बाही उसवून परत शिवायला घेतली.

मी वर गेले. गाणं उघडलं. दीड सेकंदांवर खूण केली आणि ते काढून टाकले. दोन्ही कडा एकमेकींना जोडल्या. 'चार वाजता' आणि लगेच 'मित्याना'. मग ते 'मित्याना'ही खोटं होतं, म्हणून तेही काढलं. उरलं नाव, वेळ आणि ठेका. जुन्या आवृत्त्या एका फोल्डरमध्ये होत्या. तो पुसला. लॅपटॉपने विचारलं, नक्की? मी नक्की म्हटलं.


आवृत्ती ८, शेवटची, खरंच शेवटची

गुरुवारी दुपारी देओ आला. छत्री होती, पाऊस नव्हता.

"काढलं?" मी विचारलं.

"नाही. हलवलं. साहेब म्हणाले, चूक कबूल करणाऱ्याच्या बाकीच्या वाचनावरही लोक शंका घेतील. सोमवारपासून पहाटे साडेपाचला. सरोवराचं हवामान."

"ते कोण ऐकतं?"

"मासेमार. होडी काढायची की नाही, त्याच्यापुरतं." त्याने छत्री दाराला टेकवली. "ग्याविराचा फोन आला होता."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, रविवारी आत्याकडे जातोय. आणि ठेवला."

मी त्याला गाणं ऐकवलं. तो खुर्चीत, मी पलंगावर. तीन मिनिटं छत्तीस सेकंद. चांगलं गाणं होतं. ठेका सरळ जात होता, कुठे अडत नव्हता. कोणीही त्यावर नाचलं असतं आणि गाणं संपल्यावर पाणी प्यायला गेलं असतं.

"आधीचं जास्त चांगलं होतं," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"खोटं बोलायला हवं होतं का?"

"नको. झाकणाच्या वेळी एकदा बोललास, तेवढं पुरे."

मी नऊही गाणी ओळीने लावली, नावं परत एकदा तपासली आणि वर पाठवायला सुरुवात केली. पट्टी निळी होती आणि अतिशय संथ. आठ टक्के. अकरा. दिवे जातील का, यावर आम्ही थोडा वेळ बोललो. फेलिस्टाच्या घडातली केळी पिकायला लागली होती; त्याने एक सोललं, अर्धं मला दिलं. खिडकीतून ऊन त्याच्या कॉलरवर येत होतं. इस्त्री आज नीट झालेली नव्हती. हे मला फार आवडलं, का ते सांगता येणार नाही.

"साडेपाचला मी कधीच उठत नाही," मी म्हणाले.

"माहीत आहे."

"होडी पण नाही माझी."

"नाही."

"म्हणजे सोमवारपासून तुझा आवाज बंद."

तो पट्टीकडे बघत होता. छत्तीस टक्के.

"मी तुला आवडतो," तो म्हणाला.

मी वाट बघितली. पुढे काही आलं नाही.

"हे निवेदन आहे की प्रश्न?"

"प्रश्न."

"प्रश्नाचा शेवट वर जातो. तुझा जमिनीवर पडला."

"नऊ वर्षांत मी एकही प्रश्न वाचलेला नाही," तो म्हणाला. "मयताच्या चिठ्ठीत प्रश्न नसतो."

"मग शिक. परत म्हण. शेवटचा 'तो' वर ने."

"मी तुला आवडतो."

"मान वर नेलीस. आवाज ने."

"मी तुला... आवडतो."

"आता मधेच वर गेलास आणि उतरलास. जिना आहे का तो?" मी खुर्चीजवळ येऊन उभी राहिले, सुरासाठी म्हणून. "माझ्याबरोबर. इथून सुरू कर, खालून. घाई करू नकोस. शेवटी सोड."

त्याने श्वास घेतला. या वेळी आवाज वर गेला – खूपच वर, पंधरा वर्षांच्या पोरासारखा चिरकत, खिडकीतून बाहेर, गल्लीभर. खालचं शिवणयंत्र थांबलं.

"हो," मी म्हणाले. "आणि खिडकी लावून विचारायचं होतंस."

"काय म्हणाली ती?" खालून मामा एस्तेरींनी हाक मारून विचारलं. "तुझं ऐकू आलं, तिचं नाही."

देओ उठून खिडकीशी गेला.

"हो म्हणाली," त्याने सांगितलं. सपाट, कोरडं, संपूर्ण गल्लीला नीट कळेल असं.